पायाखाली पाया : इंदूरमध्ये अंडरपिनिंग करून घेतलं, त्याचा रिव्ह्यू

काम फेब्रुवारीत संपलं आणि रिव्ह्यू आत्ता नोव्हेंबरात लिहितेय, मुद्दाम. भिंतीच्या कामाचा रिव्ह्यू दुसऱ्या दिवशी लिहिण्यात काही अर्थ नसतो, निदान आपल्या इंदूरच्या काळ्या मातीत तरी नाही, इथे एक अख्खा मे महिना आणि एक ऑगस्ट महिना मधून जाऊ द्यावा लागतो. ते गेले. भिंत जागेवर आहे. म्हणून आता सविस्तर सांगते, थोडं लांबेल, पण ज्यांच्या घराला अशी भेग आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

घर आईचं, सुदामानगरात, १९८७ साली बाबांनी बांधलेलं. लोड बेअरिंग, म्हणजे कॉलम-बीम नाहीत, विटांच्या भिंतीच सगळं वजन घेतात. मागच्या भिंतीला स्वयंपाकघराच्या खिडकीच्या कोपऱ्यातून एक तिरपी भेग निघालेली, विटांच्या सांध्यांतून पायऱ्या चढत जावी तशी वर छतापर्यंत. मे महिन्यात एवढी की दहाचं नाणं उभं जाईल, आणि गणपती येईपर्यंत आपोआप बारीक होऊन जायची. आम्ही दोनदा भरून घेतली. एकदा सिमेंटने, एकदा त्या क्रॅक भरायच्या पेस्टने, वरून पुट्टी आणि पेंट. दोन्ही वेळा पुढच्या उन्हाळ्यात त्याच जागी, त्याच तिरप्या रेषेत परत. मग एका ठेकेदाराने येऊन सांगितलं की पूरी दीवार गिराना पडेगी, आणि आई त्या रात्री जेवली नाही.

शेवटी रामबागेतल्या मावशीने एका स्ट्रक्चरल इंजिनिअरचा नंबर दिला. स्वतःची चार-पाच माणसांची टीम आहे, डिझाइन पण तेच करतात आणि काम पण उभं राहून करून घेतात. हा रिव्ह्यू त्यांच्या या सर्व्हिसचा आहे.

पहिल्या दिवशी ते आले आणि मला नवल वाटलं ते हे की भेगेकडे त्यांनी सगळ्यात शेवटी पाहिलं. आधी घराच्या बाहेरून फिरले, बाथरूमची लाइन कुठून जाते, मागच्या बोळात फरशी आहे का उघडी माती, शेजारच्यांची झाडं किती लांब, पागोळ्यांचं पाणी कुठे पडतं. मग आईला विचारलं, "काकू, भेग कधी मोठी होते?" चाळीस वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. आईने सांगितलं उन्हाळ्यात. "आणि वर रुंद आहे की खाली?" वर. एवढ्यावर ते म्हणाले की मग घराचा हा मागचा कोपरा उन्हाळ्यात खाली झुकतोय, भिंत खराब नाहीये, भिंतीच्या खालची जमीन हलतेय. भिंत फक्त ते दाखवतेय.

मग त्यांनी भेगेवर तीन जागी काचेच्या पातळ पट्ट्या पीओपीने चिकटवल्या, बाजूला पेन्सिलने तारीख लिहिली. भिंत हलली तर काच तडकते, इतकं साधं. आणि म्हणाले आता ऑक्टोबरपर्यंत थांबा. जून ते ऑक्टोबर! मला तेव्हा फार चीड आली होती, पैसे द्यायला तयार असताना माणूस काम घेत नाही म्हणजे काय. आज वाटतं की ह्या थांबण्याचेच खरे पैसे वसूल झाले, कारण जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तिन्ही काचा तडकल्या आणि ऑक्टोबरात पुन्हा लावलेल्यातली एक डिसेंबरात. पावसात माती फुगून कोपरा वर आला आणि थंडीत सुकायला लागली तसा परत खाली निघाला. मध्ये त्यांनी फक्त एकच काम करून घेतलं, बाथरूमची गळकी लाइन बदलणं, ते म्हणाले की आधी पाणी, मग पाया.

माती टेस्टला मी स्वतः गेले होते, आणि ते दाखवलं म्हणून त्यांना वेगळा एक मार्क. काचेची दोन उंच नळकांडी, १०० मिलिलिटरची. दोन्हीत आमच्या मागच्या बोळातली चाळलेली वाळलेली माती, १०-१० ग्राम. एकात पाणी ओतलं, एकात घासलेट. चोवीस तासांनी परत बोलावलं. घासलेटातली माती तळाशी १० च्या खुणेवर गप्प बसलेली आणि पाण्यातली तीच माती फुगून १८ वर. आपली काळी माती दख्खनच्या बेसाल्टपासून बनलेली, तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती असते, तिच्या थरांमध्ये पाणी शिरतं आणि ती फुगते, घासलेट तसं शिरत नाही म्हणून फुगत नाही. ही गोष्ट मी शाळेत वाचली होती की काळी माती ओल धरून ठेवते, कापसाला चांगली, पण ती घराला उचलते आणि सोडते हे त्या दोन नळकांड्यांसमोर उभं राहून पहिल्यांदा कळलं. जूनमध्ये घर उचलते, मार्चमध्ये सोडते. बाबांचा पाया अडीच फूट खोल, पूर्ण काळ्या मातीत. खाली सहा फुटांवर पिवळा मुरूम लागत होता, तो काही हलत नाही.

मग कोटेशन आलं. एक पान, सगळं इंग्रजीत, प्लिंथ, फुटिंग, पीसीसी, आणि मोठ्या रकमेसमोर एकच शब्द, अंडरपिनिंग, ३६ रनिंग फूट. आईने चष्मा लावून तो शब्द दोनदा वाचला आणि म्हणाली, ज्या शब्दाचे पावणेतीन लाख द्यायचे तो शब्द आधी मला कळू दे.

माझा मुलगा आयेल्ट्सची, म्हणजे इंग्रजीच्या परीक्षेची, तयारी करत होता, तो लगेच म्हणाला मला येतो हा शब्द, अंडरपिन म्हणजे सपोर्ट करणं, निबंधात वापरतात, अमुक पुराव्यांनी हे मत अंडरपिन केलंय, थिअरेटिकल अंडरपिनिंग्ज वगैरे. आई म्हणाली, म्हणजे टेकू. तो म्हणाला, हो, टेकूच. मी म्हटलं, पाया. आणि तिघंही चुकलो होतो.

हे मी इंजिनिअर सरांना फोनवर सांगितलं तर ते संध्याकाळी घरी आले, चहा घेतला आणि मुलाचा कॅरम मागितला. नऊ सोंगट्या एका ओळीत जमिनीवर चिकटून ठेवल्या, त्यावर एक स्टीलची पट्टी, पट्टीवर आईचा डाळीचा डबा. म्हणाले, हा डबा म्हणजे तुमचं घर, पट्टी म्हणजे जुना पाया, सोंगट्या म्हणजे खालची माती. आता ही माती बदलायची आहे, आणि डबा उचलायचा नाही. आईने पहिली, दुसरी, तिसरी अशा ओळीने काढल्या, तिसरीला डबा कलंडला. मग त्यांनी परत मांडून पहिली, चौथी आणि सातवी काढली. डबा तसाच. त्या तीन जागी दुसऱ्या रंगाच्या सोंगट्या सरकवल्या, मग दुसरी-पाचवी-आठवी, मग तिसरी-सहावी-नववी. पाच मिनिटांत सगळ्या काळ्या सोंगट्या गेल्या, पांढऱ्या आल्या आणि डबा हललाही नाही. "काकू, हे अंडरपिनिंग." आईला एकदम कळलं. मलाही.

तर शब्दाबद्दल. टेकू बाहेरून लावतात, पडणाऱ्या गोष्टीला, आणि टेकू काढला की गोष्ट पडते, म्हणून टेकू नाही. पाया आधी घालतात, घर नंतर, म्हणून नुसता पाया पण नाही. अंडरपिनिंग म्हणजे घर उभं आहे, माणसं आत राहतायत, गॅसवर भात शिजतोय, आणि त्या उभ्या घराच्या जुन्या पायाखाली आणखी एक पाया घालायचा. मराठीत याला मला एक शब्द सापडला नाही. जोतं म्हणजे प्लिंथ, तो आपल्याकडे आहे (इथले मिस्त्री त्याला कुर्सी म्हणतात), पायाभरणी आहे, कोनशिला आहे, पण हे जे आहे ते "पायाखाली पाया" असं दोन शब्दांत सांगावं लागतं, आणि आम्ही घरात तेच म्हणतो.

यातला पिन हा टाचणीवालाच पिन, पण गवंड्याच्या हातातला. दोन दगडांमधल्या फटीत छोटा दगड ठोकून बसवायचा, आपण चिपा मारणं म्हणतो ना तसं. कामाचा शेवटचा टप्पा खरंच तसा असतो, ते पुढे सांगते.

आणि एक गोष्ट सरांनी सांगितली ती माझ्या डोक्यातून जातच नाही. इंग्रजीत अंडरमाइन असा पण शब्द आहे, आपण तो पेपरात वाचतो, एखाद्याचा अधिकार अंडरमाइन करणं म्हणजे आतून पोखरणं. तो किल्ल्यांच्या लढायांमधून आलाय, शत्रू तटाच्या खाली खणत जायचा आणि खालचा आधार काढून तट पाडायचा, आपले सुरुंग तेच. म्हणजे अंडरमाइन आणि अंडरपिन, दोन्हीत माणूस भिंतीच्या खाली जाऊन खणतोच. खड्डा सारखाच दिसतो. फरक एवढाच की एकात तो खड्डा मोकळा सोडतात आणि दुसऱ्यात भरून जुन्या पायाला टेकवतात, आणि किती खड्डे एका वेळी उघडे ठेवायचे याचा हिशोब असतो. सर म्हणाले की खड्डा भरून त्यात पिन होईपर्यंत मीसुद्धा तुमची भिंत अंडरमाइनच करत असतो, म्हणून मला साइटवर उभं राहावं लागतं. ज्या माणसाला आपल्या कामातली भीती अशी नीट सांगता येते त्याच्या हातात घर द्यायला हरकत नाही असं आई म्हणाली आणि तिथेच ॲडव्हान्स दिला.

मुलासाठी म्हणून जे वापरायचे नियम आम्ही काढले ते पण लिहून टाकते, कोणाला तरी उपयोगी पडतील. घराच्या कामाला एकवचन, अंडरपिनिंग. विचारांच्या, सिद्धांतांच्या बाबतीत बहुतेक वेळा अनेकवचन, अंडरपिनिंग्ज, आणि त्याला मराठीत मला "बैठक" हा शब्द सगळ्यात चपखल वाटतो, सैद्धांतिक बैठक. क्रियापद असेल तर खालची गोष्ट वरच्या गोष्टीला अंडरपिन करते, उलटं नाही, पुरावा मताला करतो, मत पुराव्याला नाही. भूतकाळात एन दोनदा येतो, त्याचा तिथे एक मार्क गेला होता. फाउंडेशन हा सगळ्यात मोठा शब्द, ट्रस्टला पण लागतो आणि चेहऱ्याला लावायच्या क्रीमला पण. फुटिंग म्हणजे पायाचा तो पसरट भाग जो जमिनीला टेकतो, आणि बरोबरीच्या नात्याला पण इक्वल फुटिंग म्हणतात. ग्राउंडवर्क म्हणजे तयारी, ती घर नसतानाही करता येते. पण अंडरपिनिंगला वर काहीतरी आधीच उभं असावं लागतं. अमेरिकेत म्हणे घराच्या साध्या पायालाही अंडरपिनिंग म्हणतात आणि माणसाच्या पायांनाही गमतीने अंडरपिनिंग्ज, हे ऐकून आई आपल्या गुडघ्यांकडे बघून खूप हसली. आपल्याकडे तर पाय आणि पाया एकच की!

मुलाने विचारलं पिसाच्या मनोऱ्याला हेच केलं का. नाही. तो १९९० मध्ये बंद केला आणि २००१ मध्ये उघडला, तिथे उलट ज्या बाजूला तो उंच होता तिथल्या खालची माती हळूहळू काढून घेतली, म्हणजे तो थोडा सरळ झाला. खऱ्या अंडरपिनिंगचं सरांचं आवडतं उदाहरण इंग्लंडमधलं विंचेस्टर कॅथीड्रल. नऊशे वर्षं जुनी इमारत, खाली कुजक्या वनस्पतींची मऊ माती आणि पाणी, भिंती खचायला लागल्या. खणलं की खड्ड्यात पाणी भरायचं आणि पाणी पंपाने उपसलं तर भिंतच बसेल ही भीती. मग विल्यम वॉकर नावाचा एक पाणबुड्या, ते जड हेल्मेट घालून, १९०६ ते १९११ रोज त्या काळ्या पाण्यात उतरायचा, जवळपास वीस फूट खोल, काही दिसायचं नाही, हातांनी चाचपून काँक्रीटच्या पिशव्या तळाला रचायचा, तळ असा बंद झाला की मग पाणी उपसून गवंडी वर बांधकाम करायचे. २५,८०० पिशव्या, १ लाख १४ हजारांवर काँक्रीटचे ठोकळे, ९ लाख विटा. हे ऐकल्यावर आमचे नऊ खड्डे मला काहीच वाटेनात, पण खरं सांगायचं तर पहिला खड्डा उघडला तेव्हा पोटात गोळा आलाच.

आता प्रत्यक्ष काम. जानेवारी निवडला कारण खड्ड्यात पाणी नसतं आणि माती ना पूर्ण फुगलेली ना पूर्ण सुकलेली. मागची भिंत आणि कोपऱ्यावरून वळून बाजूच्या भिंतीचा थोडा भाग, मिळून ३६ फूट, गेरूने चार-चार फुटांचे नऊ भाग करून आकडे टाकले. मिस्त्री खरगोनकडचे, मोजकं बोलणारे, आईला माताजी म्हणायचे आणि रोज सकाळी पहिलं काम म्हणजे काचेच्या पट्ट्या बघून यायचे. १, ४, ७ खणले, पायाच्या शेजारून उतरून मग आडवं आत, जुन्या पायाच्या खाली. मी वाकून पाहिलं. बाबांनी १९८७ मध्ये घातलेल्या दगडांचा खालचा भाग, जो त्यांनी पण पुन्हा कधी पाहिला नसेल, माझ्या डोळ्यांसमोर. चार फूट रुंदीची भिंत काही दिवस हवेत, बाजूच्या भागांवर कमानीसारखी वजन टाकून. खड्ड्याच्या कडांना फळ्या आणि आडवे दांडे होते, त्याशिवाय माणूस आत उतरवायचा नाही हा सरांचा नियम होता आणि तो एकदाही मोडलेला मी पाहिला नाही.

प्रत्येक खड्ड्याचा तळ सर स्वतः सळई खुपसून बघायचे, मुरूम लागला की मगच काँक्रीट. सहा नंबरला सहा फुटांवर सुद्धा काळी मातीच होती, तिथे आणखी एक फूट खाली गेले आणि फक्त मटेरियलचे पैसे जास्त लावले, मजुरीचे नाही. दुसऱ्या कोणी तिथे काँक्रीट ओतून टाकलं असतं तर मला कधी कळलंही नसतं.

काँक्रीट जुन्या पायाला चिकटेपर्यंत भरत नाहीत. साधारण तीन इंच जागा सोडतात, कारण ओलं काँक्रीट सुकताना थोडं आकसतं आणि मग वर फट राहिली तर भिंत तेवढी खाली बसणार. ते काँक्रीट दोन दिवस पक्कं होऊ दिलं, मग त्या तीन इंचांत जवळजवळ कोरडा मसाला, एकास तीन, लाकडाच्या ठोकळ्याने आणि हातोड्याने ठासून ठासून भरला. मसाला किती ओला असावा तर मुठीत दाबला की लाडू वळला पाहिजे आणि हाताला पाणी लागता कामा नये. ही मापं आईला इतकी पटली की ती खुर्ची टाकून बसली आणि एका घमेल्याला तिने "थोडा गीला है भैया" म्हणून परत पाठवलं, मिस्त्रींनी ऐकलं पण. हाच तो पिन. मिस्त्री संध्याकाळी सांगायचे, माताजी, आज तीन पिन लग गई. तो पिन बसेपर्यंत जुना आणि नवा पाया वेगवेगळे असतात, बसला की वजन खाली उतरतं, आणि एक फेरी पूर्ण पक्की झाल्याशिवाय २, ५, ८ ला हात लावला नाही. तीन फेऱ्या, चोवीस दिवस. शेवटी मागच्या बोळात तीन फुटी फरसबंदी, बाहेरच्या बाजूला उतार देऊन, म्हणजे पावसाचं पाणी भिंतीलगत मुरणार नाही.

भेग सगळ्यात शेवटी भरली. ती भरायची घाई मला होती, त्यांना नव्हती.

आता जे आवडलं नाही ते. खड्ड्यांतून निघालेली माती आणि मलबा काम संपल्यावर बारा दिवस बोळात पडून होता, चार फोन केले तेव्हा ट्रॉली आली, आणि शेजारच्यांना त्रास झाला त्याचं मला अजून वाईट वाटतं. स्वयंपाकघरातल्या ओट्याखालच्या तीन टाइल्स ठोकाठोकीत तडकल्या, त्यांनी बदलून दिल्या नाहीत, म्हणाले फिनिशिंग आमच्यात येत नाही, मग ते आधी सांगायचं. जीएसटी वेगळा ही ओळ कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरात होती. आणि सगळ्यात मोठी तक्रार कोटेशनच्या भाषेची. इतकं सुंदर कॅरमवर समजावणारा माणूस कागदावर मात्र एकही शब्द उलगडत नाही. इथे आपल्या भागातली अर्धी घरं आता सत्तरी ओलांडलेल्या आई-वडिलांची आहेत, सही तेच करतात, त्यांना हिंदीत किंवा मराठीत दोन ओळी लिहून द्यायला काय जातं. मी हे सरांना तोंडावर सांगितलंय आणि इथेही लिहितेय.

खर्च, कारण सगळे तोच विचारतात. इंजिनिअरची फी ३० हजार, माती टेस्ट १२ हजार, अंडरपिनिंग पावणेतीन लाख अधिक टॅक्स, लाइन बदलणं आणि फरसबंदी मिळून ४६ हजार. कमी नाहीये. पण भिंत पाडून बांधायचं म्हटलं असतं तर नवीन भिंतही त्याच मातीवर उभी राहिली असती, हे मला आता कळतं.

आणि प्रत्येक भेगेला हे करायचं नसतं, प्लीज. प्लास्टरवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा असतील किंवा छताच्या खाली आडवी सरळ भेग असेल तर त्याची कारणं वेगळी असतात, सरांनी माझ्या मैत्रिणीच्या घरी लोकमान्यनगरला जाऊन दहा मिनिटांत सांगितलं की तुमच्याकडे मला काम नाही, आणि व्हिजिटचे पैसेही घेतले नाहीत. तिरपी, पायऱ्यांची, खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून निघणारी आणि ऋतूप्रमाणे उघड-मीट करणारी भेग असेल तर मात्र पुट्टीवर पैसे घालवू नका, आधी काच लावा. काचेची पट्टी आणि चिमूटभर पीओपी, याला इंजिनिअर पण लागत नाही.

जे आता नवीन बांधतायत, बायपासकडे वगैरे काळ्या मातीत, त्यांच्यासाठी एक गोष्ट सर पुन्हा पुन्हा सांगत होते, की तुम्हाला हा शब्द कधी शिकावाच लागू नये. रूरकीच्या सीबीआरआय या इमारत-संशोधन संस्थेने ह्याच मातीसाठी अंडर-रीम्ड पाइल काढलेत, जमिनीत गोल खांब घालायचा, आणि खाली त्याला कंदासारखा फुगवटा, खांबाच्या साधारण अडीच पट रुंद. वरची माती फुगून घर उचलायला लागली की तो कंद खाली जमिनीला धरून ठेवतो. खोल काळी माती असेल तर निदान साडेतीन मीटर खाली न्यावे लागतात. बांधतानाच केलं तर आत्ता मी दिले त्यापेक्षा खूप सोपं पडतं, पण ठेकेदार स्वतःहून सांगत नाही, तुम्ही नाव घेऊन विचारावं लागतं.

राजवाड्यासमोरून जाताना हल्ली माझी नजर वर जातच नाही. खालचे तीन मजले दगडाचे आणि वरचे चार लाकडाचे हे लहानपणापासून ऐकत आले, आता तिथे उभं राहिलं की वाटतं ह्या दगडांच्या खाली काय असेल, किती खोल, कोणत्या मातीत, आणि कोणी घातलं असेल.

पाचपैकी चार. अर्धा मलब्याचा कापला आणि अर्धा कोटेशनचा. काम स्वतः पाचपैकी पाच. मे महिन्यात ४३ डिग्रीत मी रोज दुपारी जाऊन काचा बघत होते, ऑगस्टमध्ये पाऊस तीन दिवस थांबला नाही तेव्हाही, तिन्ही अखंड आहेत, पेन्सिलची तारीख अजून वाचता येते. स्वयंपाकघराची खिडकी, जी दर पावसाळ्यात घट्ट बसायची आणि आई तिला उलथण्याने ढकलायची, ती ह्या वर्षी एका बोटाने उघडली.

ज्यांना करून घ्यायचंय त्यांनी पावसाळ्याआधीच इंजिनिअर सरांना बोलवा, म्हणजे काचांना पूर्ण ऋतू मिळतो आणि जानेवारीत काम लागतं. घराचा जुना नकाशा असेल तर शोधून ठेवा, त्यांनी पहिल्याच दिवशी तो मागितला होता. आमचा बाबांच्या फाइलमध्ये निघाला, निळ्या कागदावरचा. आईने नवीन ड्रॉइंग त्याच फाइलमध्ये त्याच्या मागे लावलंय आणि वर पेनाने लिहिलंय, पायाखाली पाया, अडीच फुटांपासून सहा फूट, सहा नंबरला सात.